कोकण दरवाजातून

भाऊबीजेचं ओवाळणं झालं, ताटं उचलली गेली आणि ताईनं तिची निळी वही पुढ्यात घेतली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोरांना सुट्टी. दाजी साखर कारखान्यात, ऐन गळिताचा हंगाम, म्हणजे ते येणार नाहीत. गाडी मी चालवायची, आई बरोबर येणार, दिवस पाच. एवढं सगळं ठरलेलं होतं. घोडं अडलं होतं ते पुढच्या पानावर. पानाच्या मधोमध उभी रेघ होती. डाव्या बाजूला भाच्यानं लिहिलं होतं ‘जंगलातले अवशेष’, उजव्या बाजूला भाचीनं ‘बेट, स्नॉर्केलिंग, स्कूबा’.

भाच्यानं मोबाईल माझ्यासमोर धरला. कंबोडियातलं ता प्रोहम मंदिर. बाराव्या शतकात सातव्या जयवर्मन राजानं बांधलेलं, आणि आता भिंतींवर प्रचंड झाडांची मुळं अजगरासारखी उतरलेली. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे लोक गेली वीसेक वर्षं त्या मंदिराच्या जतनाचं काम करताहेत, हे मी त्याला सांगितलं. झाड तोडलं तर भिंत पडते, वाढू दिलं तरी भिंत पडते, असा तिथला पेच.

‘‘मामा, मला असं काहीतरी बघायचंय.’’

‘‘पाच दिवसांत कंबोडिया व्हायचं नाही,’’ ताई म्हणाली. ‘‘आणि खर्चाचं तर बोलूच नको.’’

‘‘कंबोडिया कशाला? पाटगावपर्यंत चला. रांगणा दाखवतो.’’

ताईनं पेन खाली ठेवलं. तिला माझा रोख कळला होता. गेली वीस वर्षं मी सुट्टी मिळाली की रांगण्याला पळतो आणि ती मला ‘आता तरी दुसरीकडं जा’ म्हणते.

रांगणा हा किल्ला भुदरगड तालुक्यात, पाटगावच्या पुढं, सह्याद्रीच्या अगदी काठावर. अलीकडं कोल्हापूर जिल्हा, पलीकडं खाली सिंधुदुर्ग. बांधणीचं श्रेय शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडं जातं. पुढं बहमनी वजीर महमूद गावाननं तो घेतला, मग आदिलशाही आली, वाडीचे सावंत आले आणि १६६६ मध्ये तो स्वराज्यात आला. दुसऱ्याच वर्षी बहलोलखान आणि व्यंकोजीराजे यांनी त्याला वेढा घातला, तेव्हा तो मोडून काढायला शिवाजी महाराज स्वतः आले. प्रसिद्धगड हे त्याचं दुसरं नाव. आज भटवाडीहून चालायला लागलं की चिक्केवाडीच्या पुढं रान इतकं दाट होतं की गड दिसतच नाही. एकदम समोर दरवाजा उभा राहतो. चिऱ्यांच्या फटीत मुळं शिरलेली, बुरुजाच्या माथ्यावर झाडं, खाली पाचोळ्याचा ढीग. आत तळं, आणि रांगणाईचं देऊळ. पहिल्यांदा गेलो तेव्हा देवळात मिणमिणता दिवा होता आणि आसपास एकही माणूस नव्हतं. दिवा लावून कोण गेलं, या विचारात मी बराच वेळ पायरीवर बसून होतो.

‘‘हे सगळं तू मला आधी सांगितलंयस,’’ ताई म्हणाली. ‘‘आता माझं ऐक. आईचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात. ती त्या पाचोळ्यातनं चालणार? थोरलीला पाणी पाहिजे. धाकट्याला चित्रातलं जंगल पाहिजे, खरं जंगल त्यानं बघितलंय कुठं? तासाभरात पाय दुखतात म्हणून बसेल. जंगलच पाहिजे ना? मग दाजीपूरला जाऊ. जीपमधनं गवे बघू, राधानगरीचं धरण बघू आणि फोंडा घाटानं खाली उतरून रात्री जेवायला मालवणात. आईला सगळीकडं बसून जाता येतं.’’

बेत वाईट नव्हता. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ सालचं, पुढं वाढत राधानगरी अभयारण्य साडेतीनशे चौरस किलोमीटरचं झालं. धरण राजर्षी शाहूंचं. त्या वाटेला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही.

तरी मी म्हणालो, ‘‘जीपमधनं बघितलेलं रान काचेतनं बघितल्यासारखं असतं. आणि अवशेष कुठं आहेत त्यात?’’

‘‘अवशेष म्हणजे शेवटी पडके दगडच ना? तुला त्यांत काय काय दिसतं, कारण तू वाचलंयस. पोरांना दगडच दिसणार. आणि दुसरं सांगू? गडांवर गर्दी व्हायला नको, प्लॅस्टिक नको, असं तूच सगळ्यांना सांगत असतोस. आणि तूच आमचं अख्खं बिऱ्हाड घेऊन निघालास.’’

हा वार वर्मी लागला. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यात आपला पन्हाळा आहे, मालवणचा सिंधुदुर्ग आहे. रांगणा नाही. मला आनंद झाला होता आणि मनातल्या मनात हायसंही वाटलं होतं, की रांगण्याची शांतता आणखी काही वर्षं टिकेल. पण त्याच शांततेत तट ढासळतो, दरवाजाचा एकेक चिरा सुटतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. गड बघितलेली माणसंच गडासाठी काही मागतात, हेही मी पाहिलं आहे. म्हणून माझं उत्तर सरळ आहे. जावं, पण पाचसहा जणांनी जावं, गावातला वाटाड्या घ्यावा, गावात राहावं, गावात जेवावं. पाटगावची ओळख आता मधाचं गाव म्हणून आहे. सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारी घरं तिथं आहेत. जंगल उभं राहिलं तरच त्यांचा मध. त्यांच्याकडनं एक बाटली घेतली, त्यांच्या अंगणात भाकरी खाल्ली, तर रान राखण्यात आपलाही हात लागतो.

‘‘बरं, आता समुद्राचं बोलू,’’ मी म्हणालो. ‘‘तुझ्या यादीत तिसऱ्या दिवशी काय काय आहे ते वाच.’’

ताईनं वाचलं. सकाळी किल्ला. मग स्नॉर्केलिंग. मग स्कूबा. दुपारी देवबागला, तिथून बोटीनं त्सुनामी आयलंड, पॅरासेलिंग, बनाना राईड. संध्याकाळी संगम.

‘‘एका दिवसात?’’

‘‘पॅकेजच तसं मिळतं.’’

मग मी तिला माझी एक गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी मालवणात मी स्नॉर्केलिंगला उतरलो होतो. ज्यांच्या बोटीनं गेलो त्यांनी आम्हा दहा जणांना एकाच वेळी पाण्यात सोडलं. माझ्या पायाला टेकू मिळेना. बरोबरचा पोरगा म्हणाला, ‘‘काका, उभं राहा की, खाली दगड हाय.’’ मी उभा राहिलो. पायाखाली काहीतरी कुरकुरलं, वाळलेली फांदी मोडावी तसं. तोंड पाण्यात घालून बघितलं तर ते प्रवाळ होतं. हाताच्या पंजाएवढा एक तुकडा मोडून कलंडला होता. दुसऱ्या बाजूला कुणीतरी फोटोसाठी माशांना पावाचे तुकडे टाकत होतं. मालवणचा हा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, एकोणतीस चौरस किलोमीटरचं, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं पाणी त्याच्या गाभ्यात येतं. मी अभयारण्यात उभा राहून त्यातलंच काहीतरी मोडत होतो. पंजाएवढं प्रवाळ वाढायला कित्येक वर्षं लागतात. तो कुरकुर आवाज अजून माझ्या तळव्यात आहे.

ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘म्हणून पोरीनं पाण्यात उतरायचंच नाही?’’

‘‘तसं नाही.’’

‘‘तुझ्या बोलण्याचा अर्थ तोच होतो. गड म्हणजे थोर आणि पाण्यातली मजा म्हणजे हलकी, असं तुझ्या डोक्यात आहे. गेल्या वर्षी आम्ही तारकर्लीला गेलो होतो. पर्यटन महामंडळाचं केंद्र आहे ना तिथं, त्याच्या तलावात ही पोरगी पहिल्यांदा पाण्याखाली गेली. वर आली ती अर्धा तास बोललीच नाही. घरी आल्यावर म्हणाली, आई, खाली फक्त माझा श्वास ऐकू येत होता. सोळा वर्षांची मुलगी, दिवसभर कानात काहीतरी घालून बसलेली. तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. तू रांगणाईच्या पायरीवर बसलास त्यापेक्षा हे वेगळं आहे का रे?’’

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

‘‘आणि दुसरं,’’ ती थांबली नाही. ‘‘तुझ्या बोटीवरचा तो पोरगा. त्याचा बाप रापण ओढत असेल. मोठमोठ्या जाळ्यांच्या, दिव्यांच्या बोटी आल्या, पारंपरिक मच्छीमारांच्या वाट्याची मासळी कमी झाली. त्यावरनं मालवणात किती भांडणं झाली ते तूही वाचलंयस. मग घरची होडी पर्यटकांना घेऊन जायला लागली, पोरं डायव्हिंग शिकली. त्यांना तू आता सांगणार, हे बंद करा?’’

‘‘बंद नको. त्याला कुणीतरी शिकवायला हवं होतं, की खाली दगड नाही.’’

‘‘मग तसं शिकलेला माणूस शोधू. आधी विचारू. किती जणांना एकावेळी उतरवता, लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का, प्रवाळावर पाय ठेवू देता का. जो या प्रश्नांना वैतागेल त्याच्या बोटीत बसायचं नाही.’’

ती हे सहज म्हणाली, पण त्यामागं काळजी होती. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाच्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. तिनं वहीत समुद्राच्या पानावर पहिल्या ओळीत ‘जॅकेट’ लिहून त्याला दोन वेळा अधोरेखित केलेलं मला दिसलं.

भाची इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, ‘‘म्हणजे जंगल वेगळं आणि बेट वेगळंच राहिलं की. दोन सहली करूया. मामा भाऊला घेऊन रांगण्याला जाईल, आपण मालवणला.’’

इथंच माझं खरं म्हणणं होतं आणि ते मी अजून मांडलंच नव्हतं. मी वही ओढून घेतली आणि त्या उभ्या रेघेवर तीन नावं लिहिली. पन्हाळा, रांगणा, सिंधुदुर्ग.

‘‘आपल्या कोल्हापुरात कावळा नाक्याला रोज ताराराणींचा पुतळा बघता ना? घोडा उधळलेला, हातात तलवार. त्या कुठं निघाल्यात?’’

कुणी बोललं नाही.

‘‘शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि सातारची गादी त्यांना मिळाली. १७०८ मध्ये ते पन्हाळ्यावर चालून आले. ताराराणींनी पन्हाळा सोडला आणि रांगणा गाठला. पन्हाळा पडला, विशाळगड गेला. मग फौज रांगण्याकडं वळली, तेव्हा त्या तिथून निघून मालवणला, सिंधुदुर्गाच्या आसऱ्याला गेल्या. रांगणा रामचंद्रपंत अमात्यांच्या माणसांनी लढवत ठेवला. मृगाचे ढग आले. रांगण्यावर पाऊस कसा कोसळतो ते तिथं एकदा भिजलेल्याला सांगायला नको. शाहू महाराजांना वेढा उठवावा लागला. ताराराणी परत आल्या, पन्हाळा परत घेतला आणि १७१० मध्ये आपली ही वेगळी गादी उभी राहिली. ते जंगल आणि ते बेट नसतं तर कोल्हापूरची गादी नसती. ती दोन ठिकाणं एकाच माणसानं एकाच वर्षात जिवाच्या आकांतानं जोडली आहेत. आपण रेघ मारून वेगळी केली.’’

मला वाटतं घाटमाथ्यावरचा किल्ला आणि पाण्यातला किल्ला यांचा हा संबंध आपण शाळेत नीट शिकवत नाही. डोंगरी किल्ला, जलदुर्ग असे प्रकार पाठ करून घेतो. खरं तर वरच्या किल्ल्याचा एक दरवाजा खालच्या किल्ल्यासाठी असतो. रांगण्याला तो आहे. त्याचं नावच कोकण दरवाजा. त्यातून बाहेर पडलं की वाट रानातून नारूरला उतरते, कुडाळ तालुक्यात. तिथून मालवण जवळ. त्या दरवाजात उभं राहून स्वच्छ सकाळी पश्चिमेला बघावं. खाली हिरवं कोकण उतरत जातं आणि त्याच्या टोकाला आकाशाचा रंग बदललेला दिसतो. तो समुद्र.

सिंधुदुर्गाचं कोल्हापूरशी नातं तिथं संपत नाही. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी पाया घातला, हिरोजी इंदुलकरांनी काम उभं केलं, तीन वर्षांत सुमारे तीन किलोमीटरचा तट समुद्रात उभा राहिला. पायाभरणीची पूजा झाली तो मोरयाचा धोंडा किनाऱ्यावरच आहे. त्यावर गणपती, सूर्य, चंद्र, पिंडी कोरलेली. आपले लोक जेट्टीकडं धावतात आणि तो बघायचा राहतो. भोवती खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्ही गोड्या. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, फोर्ट ऑगस्टस असं नावसुद्धा ठेवलं, पण दुसऱ्या वर्षी तो कोल्हापूरला परत मिळाला. शेवटी १८१२ च्या तहात मालवण गेलं ते गेलंच. तरी राजाराम महाराजांनी बांधलेल्या तिथल्या शिवराजेश्वर मंदिराला पुढचा सभामंडप घातला तो आपल्या राजर्षी शाहूंनी, १९०६-०७ मध्ये. किल्ला हातातून जाऊन शंभर वर्षं होत आली होती, तरी देऊळ आपलं राहिलं होतं.

ताई वहीकडं बघत होती. तिनं अचानक विचारलं, ‘‘तेव्हा ताराराणींचं वय काय होतं?’’

‘‘जन्म १६७५ चा. म्हणजे तेहेतीस.’’

‘‘आणि मुलगा?’’

‘‘धाकटे शिवाजी. बारा वर्षांचे.’’

तिनं भाच्याकडं बघितलं. तो तेरा वर्षांचा आहे.

बराच वेळ कुणी बोललं नाही. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. ती झोपली असेल असं आम्हाला वाटलं होतं. ‘‘मी गाडीतनं येतो,’’ ती म्हणाली. जुन्या कोल्हापुरी बायका अजून असंच बोलतात. ‘‘माझ्यासाठी कुणी अडू नका. फक्त पाटगावला मौनी महाराजांच्या मठात मला आधी न्या. शिवाजी महाराज दक्षिणेत निघायच्या आधी तिथं आले होते म्हणतात. मी तिथं गेलो नाही कधी.’’

‘‘१६७६ मध्ये,’’ मी म्हणालो.

‘‘सनावळी तू ठेव. मला नुसतं टेकायचंय.’’

मग पुढचं भराभर झालं. पहिला दिवस गारगोटीवरून पाटगाव, मठ, मुक्काम गावातच. दुसऱ्या दिवशी पहाटे रांगणा. माझा बेत होता की पोरांना घेऊन मी गड बघावा, त्याच वाटेनं परत यावं आणि सगळ्यांनी मिळून आजरा-आंबोलीमार्गे घाट उतरावा. ताईनं तो खोडला.

‘‘परत कशाला यायचं? कोकण दरवाजातून खाली उतरायचं.’’

‘‘मग गाडी? आई?’’

‘‘तू घेऊन ये आंबोलीवरनं.’’

‘‘आणि पोरांबरोबर?’’

‘‘मी जाते. तू वाटाड्या बघून दे, वाटेची खबर घेऊन दे, आणि गव्यांपासून काय काळजी घ्यायची ते सांग. वीस वर्षं तू जातोस आणि मी डबे भरून देते. रांगणाईचा दिवा मीही बघते एकदा.’’

मला ते लगेच पचलं नाही. रांगणा मला दुसऱ्या कुणी, माझ्याशिवाय, या पोरांना दाखवावा हे मनाला बोचलं. मी वाटेतल्या अडचणी काढल्या. उतार तीव्र आहे, पाचोळ्यावरनं पाय घसरतो, मोबाईलला रेंज नाही. तिनं प्रत्येक गोष्ट वहीत टिपली आणि प्रत्येकीपुढं काय करायचं ते लिहिलं. तळव्याला पकड असलेले बूट. काठी. माणशी दोन लिटर पाणी. उजाडताच निघणं. खालच्या गावात आणि वरच्या गावात दोन्हीकडं सांगून ठेवणं. मी तिला भीती घालत होतो आणि ती बेत पक्का करत होती.

समुद्राच्या पानावरची यादी तिनं स्वतःच छाटली. तिसऱ्या दिवशी फक्त मोरयाचा धोंडा आणि किल्ला, सकाळच्या पहिल्या होडीनं. चौथ्या दिवशी थोरलीचं पाणी, तेवढं एकच, सावकाश. पॅरासेलिंग आणि बनाना राईडवर काट मारली. त्सुनामी आयलंडपाशी पेन थांबलं. धाकट्यानं हात जोडले, म्हणून ते राहिलं. पाचव्या दिवशी आईसाठी मालवणी खाजं घेऊन करूळ घाटानं वर, गगनबावड्याला चहा, अंधार पडायच्या आत कोल्हापूर.

मी गाडीची किल्ली खिशात टाकत उठलो. ताईनं वही मिटली नव्हती.

‘‘नारूरला आम्ही किती वाजता पोचू?’’

‘‘गडावर फार वेळ काढला नाही तर दुपारी एकपर्यंत.’’

‘‘वेळ काढणार आम्ही,’’ ती म्हणाली आणि एकच्या जागी चार लिहिलं. ‘‘आईला कुडाळात जेवू घाल. आणि मग नारूरला येऊन थांब.’’